नातवंडांची बासरी आणि बाळदमा

‘नातवाला बाळदमा आहे, बासरी शिकायला घालावे का?’ हा प्रश्न आजी-आजोबा मला वरचेवर विचारतात. दमा आटोक्यात असेल, तर अवश्य घालावे. मात्र इनहेलर बंद करून नव्हे.

बासरीने फुप्फुसे मोठी होतात, हा समज घरोघरी आढळतो. वस्तुतः फुप्फुसांचे आकारमान मुख्यत्वे उंची आणि वयानुसार ठरते. वादनाने वाढते ते श्वास वापरण्याचे कौशल्य : तो चटकन, खोलवर घेणे आणि बेताबेताने सोडणे. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ती फुंकर घातल्याने ओसरत नाही, औषधाने ओसरते. औषध थांबवूनही मूल काही दिवस ठणठणीत दिसते, त्यामुळे श्रेय बासरीला मिळते. आणि मग एखाद्या रात्री धाप लागते.

मूल रियाजाला बसले की आपण त्याच्या खांद्यांकडे पाहावे. श्वास घेताना ते वर उचलले जात असतील, तर श्वास उथळ आहे. श्वासपटल खाली सरकले की पोट पुढे येते, खालच्या बरगड्या फाकतात; तसे व्हायला हवे. सुरुवातीस जोराने फुंकल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून गरगरते. बासरी खाली ठेवून शांत बसल्यास ते थांबते. खोकल्याची उबळ आली किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर मात्र वादन थांबवून डॉक्टरांनी सांगून ठेवलेले औषध द्यावे. तरीही आराम नसेल, बोलताना धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे.

आडवी बासरी धरताना मुले मान वाकडी करून ओठ वाद्याकडे नेतात. ओठांकडे वाद्य आणावे, हे पुनःपुन्हा सांगावे लागते. पन्नालाल घोष यांनी मैफलीत रूढ केलेली लांब बासरी आठ वर्षांच्या हातांना पेलत नाही. बोटे ताणली जातात, मनगट वळते, खांदा पुढे झुकतो. हौसेने महागडी, मोठी बासरी आणणाऱ्या आजोबांनी आधी नातवाची बोटे छिद्रांवर सहज पोहोचतात का, हे पाहावे. आरंभी दहा-पंधरा मिनिटांचा रियाज पुरे.

वादनानंतर बासरी आतून कोरडी पुसावी, ओलसर पिशवीत कोंबू नये. बुरशी धरते आणि दम्याच्या मुलाला ती बाधू शकते. भावंडांत एकच बासरी असेल, तर निदान सर्दी-खोकल्याच्या दिवसांत ती एकमेकांना देऊ नये.