अपाय तर नाही ना?

लहान मुलांच्या डॉक्टरने वार्धक्यातील डागांविषयी का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण सरळ आहे. नातवाला दाखवायला आलेले आजी-आजोबा उठता उठता पंजाच्या पाठीवरील तपकिरी डाग दाखवून विचारतात, "डॉक्टरसाहेब, ह्यासाठी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतो आहोत. अपाय तर नाही ना?"

हे डाग म्हणजे मुख्यत्वे वर्षानुवर्षे सोसलेल्या उन्हाची देणगी. अतिनील किरणांमुळे त्वचेत मुक्त मूलके निर्माण होतात, हे खरे. परंतु म्हणून गोळीने डाग जातील, असा निष्कर्ष निघत नाही. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ९०३ प्रौढांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य, मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत, २४ टक्क्यांनी कमी आढळले. रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना मात्र एकंदरीत लाभ दिसला नाही.

आता अपायाविषयी. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला (१९९४). अमेरिकेतील चाचणीत रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला (२०११). आणि बालरोगतज्ज्ञ या नात्याने आवर्जून सांगतो: सासूबाईंच्या बाटलीतील व्हिटॅमिन ए गरोदर सुनेने अधिक मात्रेत घेतल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. तेव्हा 'घेतले तर बिघडते कुठे' हे उत्तर आपण देऊ नये.

अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. उत्पादक जे वेष्टनावर मान्य करतो, ते आपण चिठ्ठीवर का खोडून काढावे? डागांसाठी ह्या गोळ्या लिहून देऊ नयेत, अशी माझ्या व्यवसायबंधूंना नम्र विनंती आहे. निवृत्तिवेतनातून दरमहा होणारा हा खर्च फळे-भाज्यांकडे वळला, तर तो सत्कारणी लागेल.

आजी-आजोबांनी छत्री, लांब बाह्या आणि सनस्क्रीन यांचा आश्रय घ्यावा. एखादा डाग वाढला, रंग-आकार बदलू लागला किंवा त्यातून रक्त आले, तर त्वचारोगतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावा. नातवंडांचे खेळणे मात्र थांबवू नये. माळव्यातील वैशाखाची भर दुपार तेवढी टाळावी आणि डोक्यावर टोपी असावी. त्वचेचा जमाखर्च बालपणापासूनच मांडला जात असतो.