पांडुरंग रायकर आणि आमच्या तालुक्यातला एक बातमीदार

आज 2 सप्टेंबर. 2020 साली याच दिवशी पहाटे टीव्ही 9 मराठीचे पुण्याचे रिपोर्टर पांडुरंग रायकर गेले. वय 42. मागे बायको आणि दोन लहान मुलं. माझी त्यांची ओळख नव्हती, स्क्रीनवर पाहिलं तेवढंच. पण आमच्या पिढीचा, रोज फिल्डवर असलेला माणूस. अजूनही वाकडेवाडीला एसटीतून उतरून संचेतीच्या चौकाकडे निघालो की सीओईपीच्या मैदानाकडे मान वळतेच. तिथलं जम्बो हॉस्पिटल कधीच उतरवलं गेलं.

काय झालं होतं ते थोडक्यात, कारण आता बरेच जण विसरलेत. कोपरगावला त्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली. तिथून पुण्याला आणलं, जम्बोत दाखल केलं. 800 बेडचं हे हॉस्पिटल जेमतेम आठवड्यापूर्वी सुरू झालेलं. तब्येत ढासळली तसं दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायचं ठरलं आणि हवी होती एक कार्डियाक अँब्युलन्स. पुण्यातले पत्रकार रात्रभर फोन करत होते. मंत्री, अधिकारी, सगळ्यांचे नंबर ज्यांच्या मोबाईलमध्ये असतात ती ही माणसं. एका गाडीचा व्हेंटिलेटर बंद, दुसरीत डॉक्टर नाही. त्यातच पहाट झाली. नंतर चौकशीची घोषणा झाली, जम्बो चालवणाऱ्या एजन्सीचं कामही काढून घेतलं गेलं.

लोक विचारतात, साध्या अँब्युलन्समधून का नाही नेलं? हाय फ्लोवरचा पेशंट मिनिटाला 50-60 लिटर ऑक्सिजन ओढू शकतो. बी टाइपचा सिलिंडर साधारण 1500 लिटरचा. करा हिशोब, अर्ध्या तासाच्या आत रिकामा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास म्हणजे काय ते सांगायला नको. 2014 ला 108 सेवा आली तेव्हा राज्यभरात 937 गाड्या होत्या. त्यातल्या व्हेंटिलेटरच्या, म्हणजे अॅडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, फक्त 233. सव्वाअकरा कोटींच्या राज्याला!

हा अर्ध्या तासाचा हिशोब मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एप्रिल 2021 ला आमच्या तालुक्यातल्या एका सहकाऱ्याला साध्या गाडीत घालून आम्ही जिल्ह्याच्या गावी निघालो होतो. सिलिंडर बदलायला वाटेत दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा थांबायची वेळच आली नाही.

त्याचं नाव लिहीत नाही, वहिनींना ते नकोय. झेरॉक्सचं दुकान आणि सोबत एका दैनिकाची बातमीदारी. मानधन बातमीमागे, तेही कधी दोन-दोन महिने नाही. मोर्च्याचे फोटो काढले की स्वतःच्या पेपरला पाठवायच्या आधी आम्हा सगळ्यांना पाठवायचा. मी एकदा रागावलो, तर म्हणाला, "अरे तुझी गाडी बंद पडली होती ना, मग?" दुकानात पोरांची मार्कशीट झेरॉक्स करताना गरीब घरचं पोर दिसलं तर पैसे घ्यायचा नाही.

मुलगी दहावीला होती. दरवर्षी निकालाच्या दिवशी पहिल्या आलेल्या पोरींचे फोटो तोच गोळा करायचा आणि यंदा आपल्या पोरीचाही छापून आणणार म्हणून आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं. शाळा बंद, तर दुकानाच्या मागच्या खोलीत तिला स्वतः भूमिती शिकवत बसायचा. त्याचीच भूमिती कच्ची, हे तीही सांगायची. मग परीक्षाच रद्द झाली. आणि तोही गेला. जुलैत निकाल लागला तेव्हा पोरीचा फोटो मी छापला. पहिली नव्हती आली. तरी छापला.

आता मुद्द्यावर येतो. 2020 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी पत्रकारांनाही 50 लाखांचं विमा संरक्षण देण्याचं जाहीर केलं होतं. आमच्या ओळखीत ते कुणाच्या घरी पोहोचलेलं मी पाहिलेलं नाही. मे 2021 मध्ये ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश, तामिळनाडू या राज्यांनी पत्रकारांना फ्रंटलाइन वर्कर मानायचा निर्णय घेतला. आपल्याकडे तेव्हा निवेदनं चालू होती.

पण सगळं खापर सरकारवर फोडून मी मोकळा होणार नाही. योजना आली की पहिला प्रश्न असतो: अधिस्वीकृती आहे का? ती नसेल तर नेमणुकीचं पत्र? आमच्या माणसाकडे दोन्ही नव्हतं. बारा वर्षं त्याच्या बातम्या छापणाऱ्या पेपरने "ते आमचे कर्मचारी नव्हते" असं तोंडी सांगितलं आणि आम्ही ऐकून घेतलं. रोज दुसऱ्यांच्या हक्कांच्या बातम्या लिहिणारे आम्ही, मालकासमोर एका ओळीचं पत्र मागायची आमची छाती होत नाही. माझीही झाली नाही, खोटं कशाला बोलू.

उद्या आमच्या पत्रकार संघाची बैठक आहे. रायकरांच्या आणि त्याच्या फोटोला हार घालायचे ठरलेत. ते घालूच. पण तालुक्यात जे एकवीस जण बातमीमागे पैशांवर काम करतात, त्यांच्यासाठी नेमणूकपत्राचे अर्ज मी टाइप करून नेतोय. पहिली सही माझी. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी अकराला या. येताना पेपरमध्ये छापून आलेल्या आपल्या बातम्यांची कात्रणं आणा, पुरावा म्हणून जोडायला.