अंजनेरीला पायीच जाऊ या

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला निघालं की वीसेक किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरी गड दिसतो. उंची सुमारे 1300 मीटर. माथेरानहून खूप उंच, महाबळेश्वरच्या जवळपास. राघोबादादा उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येत, पुढे इंग्रज साहेबांनीही एप्रिल-मे काढण्यासाठी डोंगरावर बंगले बांधले. तरीही अंजनेरीचं महाबळेश्वर झालं नाही. माथ्यावर आजही बाजार नाही, घोडे नाहीत, हॉर्न नाही. अंजनीमातेचं मंदिर आहे, पावलाच्या आकाराचं तळं आहे आणि वारा आहे. हे असंच राहावं म्हणून मी हे लिहितो आहे.

कारण गडावर चाकं नेण्याची घाई सुरू आहे. आधी पायथ्याच्या मुळेगावकडून रस्त्याचा प्रस्ताव आला. नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आवाज उठवला. मग केंद्राच्या पर्वतमाला योजनेत ब्रह्मगिरी ते अंजनेरी असा रोपवे पुढे आला. 2027 च्या सिंहस्थाच्या गर्दीचं कारण अशा कामांना आयतंच मिळतं. पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि जातो. डोंगरात घातलेलं काँक्रीट जात नाही.

पावसाळा सरता सरता एकदा पठारावर जा आणि गुडघे टेकून गवतात पाहा. वीतभर उंचीचं, गवतातच हरवून जाणारं एक रोप दिसलं तर दिसेल. 2006 साली त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली आणि शास्त्रज्ञांनी तिच्या नावात अंजनेरीचंच नाव घातलं: सेरोपेजिया अंजनेरिका. आपण तिला कंदीलपुष्प म्हणतो. फूल म्हणजे तळाशी फुगलेली बारीक नळी. वासाने ओढलेली चिलटं आत घसरतात. आतले केस खाली वळलेले असतात, त्यामुळे त्यांना परत वर येता येत नाही. केस सुकले की सुटका होते आणि चिलट पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातं. पाऊस संपला की रोप दिसेनासं होतं, जमिनीत फक्त कंद उरतो. त्या महिन्यांत पठार पाहणाऱ्याला वाटतं, इथे काय आहे, नुसतं वाळकं गवत. खांबाचा खड्डा नेमका अशाच जागी खणला जातो. कातळावरची ती बोटभर माती एकदा उपसली की पुन्हा भरून आणता येत नाही.

कड्यावर गिधाडं आहेत. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने देशभरातली गिधाडं संपत आली, 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तेव्हा कुठे उरलेल्यांना श्वास मिळाला. सकाळी ऊन तापेपर्यंत ती कड्यावर बसून राहतात, मग पंख न हलवता वर वर जातात. त्याच हवेतून आपण दिवसभर पाळणे फिरवणार?

अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे खरं, पण पुरते सहा चौरस किलोमीटरही नाही. एवढ्याशा जागेत चूक झाली तर सरकायला दुसरी जागा नाही.

म्हाताऱ्या माणसांनी दर्शन घ्यायचंच नाही का, असं मला विचारतात. माझ्या मावशीचे गुडघे गेले आहेत, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही. पायऱ्यांच्या अलीकडेपर्यंत गाडी आजही जाते. तिथे सावली करा, बाकं टाका, पाणी ठेवा. ज्यांना वर जायचंच आहे त्यांच्यासाठी गावातल्या पोरांच्या डोलीची नीट सोय लावा. पैसा गावात राहील. मावशी खालूनच हात जोडते. मारुतीरायाचा जन्म इथला मानतात. त्याच्या आईने तप केलेल्या जागी आपण दोन तास चढून जायला काय हरकत आहे?

नाशिककरांनो, 2021 मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याला डोंगर पोखरायला जेसीबी लागले तेव्हा आपण बोललो होतो. आताही बोलू या. वनखात्याला, जिल्हाधिकाऱ्यांना, आपल्या आमदार-खासदारांना लिहा. अंजनेरी, मुळेगावच्या लोकांना विचारा, ग्रामसभेत त्यांनी हरकत घेतली तर त्यांच्या मागे उभे राहा. आणि जाल तेव्हा पायवाट सोडू नका, फूल तोडू नका, वेफर्सचं रिकामं पाकीट खिशात घालून खाली आणा.

पत्रात भारी शब्द नकोत. कोणत्या महिन्यात गेलात, कुठल्या कपारीवर किती गिधाडं बसली होती, तळ्यात पाणी किती होतं, सोबत कोण होतं, एवढं लिहा. खाली सही करा आणि उद्याच्या टपालाने पाठवा.