पंप वाढवला, ब्रेक तेवढेच

दसरा उलटला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या पट्ट्यातल्या डिझेल पंपवाल्यांच्या दुकानांपुढे ट्रॅक्टर उभे राहू लागतात. गाळप हंगाम तोंडावर असतो. कारखान्याशी वाहतुकीचा करार झालेला असतो, मुकादमाला उचल देऊन झालेली असते, बँकेचा हप्ता डोक्यावर असतो. ट्रॅक्टरवाल्याचं मागणं एकच असतं: "दोन ट्रॉल्या ओढायला कमी पडतोय, जरा पंप वाढवून द्या." पंपवाला सील तोडतो, जास्तीत जास्त किती डिझेल सुटायचं ते ठरवणारा स्क्रू फिरवतो, वाटल्यास नोझलही बदलतो. ट्रॅक्टर दुकानातून निघताना काळा धूर सोडतो आणि तो धूर पाहून मालकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

या सदरात गाड्यांच्या ताकदीबद्दल मी नेहमी कौतुकानेच लिहितो. इंजिनातून जास्त काम काढून घेण्याची धडपड मला आवडते, आणि आपल्या भागातल्या फिटरांच्या हाताला तोड नाही हेही मी मानतो. तरीही ऊस वाहतुकीसाठी पंप वाढवणं थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या अडचणीवर हा इलाज केला जातो ती अडचण इंजिनात नसतेच.

थोडा हिशेब मांडू. ट्रॅक्टर अडीच टनांचा, दोन ट्रॉल्या आणि त्यांतला ऊस धरून सगळं मिळून २५ टन. वीसास एक असा, म्हणजे पाच टक्क्यांचा साधा चढ. त्या चढावर गुरुत्वाकर्षण सव्वा टनाने मागे ओढतं. डांबरी रस्त्यावर चाकं फिरवायलाच अर्धा टन लागतो. एकूण ओढ पावणेदोन टन. ५० एचपीच्या इंजिनातून गिअर आणि डिफरन्शियलमधली गळती वजा जाता चाकांपर्यंत चाळीसेक एचपी पोचतात. एवढ्यावर हा सगळा लवाजमा ताशी सहा-साडेसहा किलोमीटर वेगाने चढतो. म्हणजे खालच्या गिअरात, सावकाश, पण चढतो. आता पंप वाढवून ताकद वीस टक्क्यांनी वाढली असं धरा. वेग ताशी साडेसातच्या आसपास जातो. दोन किलोमीटरचा चढ एकोणीसऐवजी सोळा मिनिटांत संपतो. तीन मिनिटांसाठी इंजिन पणाला लागलेलं असतं.

रानातली गोष्ट तर आणखी वेगळी. फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टर अडतो तेव्हा बहुतेक वेळा इंजिन बंद पडत नाही, चाक फिरतं. टायर जमिनीला किती धरतं यावर ओढ ठरते. कोरड्या डांबरावर मागच्या चाकांवरच्या वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के ओढ मिळते. ओल्या काळ्या रानात निम्मीही मिळत नाही. तिथे शंभर एचपी दिले तरी चाक जागच्या जागी खड्डा करील, नाहीतर पुढची चाकं उचलतील. हे जुन्या ड्रायव्हरांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते टायरीत पाणी भरतात, पुढे वजनं लावतात, नाहीच जमलं तर दुसरा ट्रॅक्टर जोडतात. हे खरं शहाणपण आहे, आणि त्यासाठी पंपाचं सील तोडावं लागत नाही.

आता इंजिनाचं काय होतं ते पाहू. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते, आणि धूर न होता जळायला प्रत्यक्षात अठरा ते वीस किलो. विनाटर्बो इंजिन एका फेऱ्यात जेवढी हवा ओढतं तेवढीच ओढतं. पंपाचा स्क्रू फिरवल्याने ती वाढत नाही. वाढलेल्या डिझेलपैकी थोडंसं कामाला येतं, उरलेलं अर्धवट जळून काजळी होतं. ती काजळी काही सायलेन्सरमधून बाहेर पडते, काही तेलात उतरते. त्याहून वाईट म्हणजे उष्णता. एक्झॉस्टचं तापमान सातशे अंशांच्या पुढे जाऊन तिथेच राहू लागलं की व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या डोक्यावर त्याचा परिणाम दिसू लागतो. टर्बो असेल तर त्याच्यावरही. रिकाम्या गाडीत हे तापमान काही सेकंदच चढतं. २५ टन घेऊन चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये ते पंधरा-वीस मिनिटं सलग तसंच राहतं. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, आणि पिस्टन आधी तापतो, पाणी नंतर. काटा लाल पट्ट्यात येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. हेड गॅस्केट उडते, रिंगा धरतात, क्लच प्लेट जळते, आणि भर हंगामात ट्रॅक्टर आठवडाभर फिटरकडे उभा राहतो. पंप वाढवून मिळवलेल्या खेपा त्या एका आठवड्यात परत जातात.

इंजिनाची ताकद वाढवायचीच असेल तर क्रम उलटा असतो: आधी हवा, मग डिझेल. कंपनी जेव्हा एखाद्या इंजिनाला टर्बो देते, तेव्हा ती पिस्टन बदलते, पिस्टनला खालून तेलाचा फवारा देते, गॅस्केट आणि रेडिएटर वाढवते, टर्बोतून तापून आलेली हवा थंड करायला इंटरकूलर लावते आणि क्लचही मोठा घालते. भंगारातून आणलेला टर्बो जुन्या ब्लॉकवर चढवला की यातलं काहीच होत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि तिथे संगणकावर चालणारी कॉमन रेल यंत्रणा आली. त्यामुळे पन्नाशीच्या जरा खाली राहणाऱ्या, जुन्या पद्धतीच्या पंपाच्या मॉडेलांना आजही मागणी आहे. त्यांचा स्क्रू हाताने फिरतो, हे त्यामागचं एक कारण आहे, असं मला दिसतं.

जड ओढीसाठी इंजिन वाढवण्याचा वेडा छंद जगात कुठे असेल तर तो अमेरिकेतल्या पिकअप ट्रकवाल्यांना. डॉज कंपनीने १९८९ साली आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं डिझेल इंजिन घातलं. ताकद होती अवघी १६० एचपी. १९९४ पासून त्याला बॉशचा पी-७१०० हा पंप आला, आणि त्यातली एक छोटी पट्टी घासली किंवा सरकवली की डिझेल वाढतं हे तिथल्या गॅरेजवाल्यांना लवकरच कळलं. इंजिन दणकट होतं, त्याने ते सोसलं. मागचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र टिकेना. गिअरबॉक्स मजबूत केला की टॉर्क कन्व्हर्टर जायचा, तो बदलला की शाफ्ट. एक कडी जाड केली की ताण पुढच्या कडीवर जायचा.

कंपन्यांनीही ताकद वाढवतच नेली. आज त्याच घराण्यातलं ६.७ लिटरचं इंजिन ४३० एचपी देतं. पण त्याबरोबर चासी, एक्सल, ब्रेक, इंजिनाला रोखून धरणारा एक्झॉस्ट ब्रेक हे सगळं वाढलं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कोणता पिकअप किती ओढतो याचे आकडे पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने छापायची. मग अभियंत्यांच्या संघटनेने त्यासाठी जे-२८०७ नावाची एक सामाईक परीक्षा ठरवली. अॅरिझोनात डेव्हिस धरणाजवळ सुमारे १८ किलोमीटरचा लांबलचक चढ आहे. उन्हाळ्यात, एसी चालू ठेवून, पूर्ण भार मागे लावून, ठरलेल्या किमान वेगाखाली न जाता तो चढायचा, आणि वाटेत काही मोडता कामा नये. शिवाय बारा टक्क्यांच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलता आली पाहिजे, हँडब्रेकवर ती तिथे उभी राहिली पाहिजे, आणि मागचा ट्रेलर डुलता कामा नये. एवढं सगळं पार पडलं तर तो आकडा जाहिरातीत छापायचा. ओढण्याची क्षमता म्हणजे थंड राहण्याची, थांबण्याची आणि सरळ राहण्याचीही क्षमता, हे तिथे कागदावर आलं.

आपल्याकडे परीक्षा उतारावर होते, आणि ती रस्त्यावरची माणसं देतात. तोच २५ टनांचा लवाजमा त्याच पाच टक्क्यांच्या उतारावर ताशी १५ किलोमीटरने खाली येतोय असं समजा. घर्षण वजा जाता पाऊण टनाचा रेटा मागून येत असतो. वेग तेवढाच ठेवायचा तर ब्रेक आणि इंजिन मिळून चाळीस एचपीइतकी शक्ती सतत जिरवत राहावी लागते. ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते सहसा मागच्या दोन चाकांना. बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेक नसतातच. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतार सोडण्याची सवय आहे ती वेगळीच. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं रस्त्यावर एकमेकांना जोडून ठेवायची असतात; रानात ती सोडवली की पुन्हा जोडायची राहून जातात आणि घाईत एकच पेडल दाबलं जातं. मग ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागच्या दोन ट्रॉल्या त्याच्यावर येतात. रात्रीच्या वेळी रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल धडकल्याची बातमी दर हंगामात वाचावी लागते. ती बातमी वाचताना मला दरवेळी राग येतो, कारण यातलं काहीही अटळ नाही.

ट्रॉलीला ब्रेक बसवणं हे जगाला माहीत असलेलं, साधं तंत्र आहे. ट्रॅक्टरच्या पेडलशी जोडलेला हायड्रॉलिक किंवा हवेचा ब्रेक बसवता येतो. ज्या गिअरात चढलो त्याच किंवा त्याच्या खालच्या गिअरात उतरायचं, हा नियम तर फुकट आहे. नोझल तपासणं, एअर फिल्टर स्वच्छ ठेवणं, टॅपेट लावून घेणं, रेडिएटरच्या जाळीतलं पाचट काढणं यांतूनही हरवलेली बरीच ताकद परत मिळते. ट्रॅक्टर "ओढत नाही" असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तो नीट श्वासच घेत नसतो.

ट्रॅक्टरवाल्यावर सगळं ढकलून मोकळं होणं मात्र मला मान्य नाही. त्याला पैसे टनावर मिळतात. हंगाम कधी चार महिने, कधी त्याहून कमी. उचल घेतलेली टोळी निघून गेली तर तो खड्ड्यात जातो. अशा माणसाला प्रत्येक खेपेत दोन टन जास्त भरू नको असं सांगायचं, तर ते टन विकत घेणाऱ्यालाही काही सांगायला हवं. प्रत्येक खेपेचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, त्याची पावती निघते, ते संगणकात राहतं. रस्त्यावरून किती भार आला हे आरटीओच्या आधी कारखान्याला कळतं, रोज, शेकडो वेळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, आणि तो गाडी चालवणाऱ्याइतकाच ती चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागू आहे. कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल करायला कलम ५२ मनाई करतं. कायदा आहे, तो काट्यापर्यंत पोचलेला नाही.

म्हणून माझी मागणी काट्याकडे आहे. ठरलेल्या मर्यादेच्या वरच्या टनांची वाहतूक कारखान्याने देऊ नये. ब्रेक, दिवे आणि रिफ्लेक्टर असलेल्या ट्रॉलीला टनामागे थोडा जास्त दर द्यावा आणि ते करारातच लिहावं. हंगामाआधी ट्रॉलीच्या ब्रेकसाठी लागणारी रक्कम वाहतुकीच्या उचलीत धरावी, जशी टोळीची धरली जाते. शेवटच्या टनाचे पैसे मिळणार नाहीत हे कळलं, की दसऱ्यानंतर पंपवाल्यापुढची रांग आपोआप आखूड होईल, आणि त्याच पंपवाल्याच्या हाताला ट्रॉलीचे ब्रेक बसवण्याचं काम मिळेल.