वल्ह्याचा झाला चिमटा

पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचते. त्यात पोट वर करून पोहणारे, बोटाच्या पेराएवढे जीव दिसतात. इंग्रजीत त्यांना ‘फेअरी श्रिंप’ म्हणतात. वर्गात मी ‘परी-कोळंबी’ म्हणतो.

अंड्यातून निघालेले पिल्लू मिशांच्या दुसऱ्या जोडीने वल्ह्यासारखे पाणी मारते. मोठेपणी पोहण्याचे काम छातीवरचे पाय करतात. मग मादीची ती जोडी लहानशीच राहते, नराच्या जोडीचा मात्र मादीला धरण्याचा चिमटा होतो. स्ट्रेप्टोसेफॅलस वंशात त्याला अंगठा-बोटासारखे भागही असतात. खळगा थोड्या आठवड्यांत आटणार, म्हणून ज्याची पकड घट्ट त्याचीच संतती पुढे जाते. त्यांचेच भाऊबंद असलेल्या, शिंपल्यासारख्या कवचाच्या ‘क्लॅम श्रिंप’च्या नरांत हाच चिमटा पुढच्या पायांपासून घडला आहे. गरज एक, अवयव निराळा! उत्क्रांती नवे अवजार विकत आणत नाही, घरातलेच वाकवून घेते.

या चिमट्याची ठेवण जातीजातीत वेगळी असते. म्हणून जात ओळखताना अभ्यासक आधी नराचा चिमटा पाहतात. आपल्या सह्याद्रीतल्या ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’ या जातीला शास्त्रीय नाव मिळाले ते २०१४ साली. तिच्या कुळाची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. पण सडाच खणून नेला तर ती रुजणार कुठे? येत्या पावसात मुलांना असा एखादा खळगा जरूर दाखवा.