रात्रपाळीचा सोबती

रात्रपाळी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या देशात आल्यावर आपल्या कितीतरी घरांतील कर्ती माणसे वर्षानुवर्षे रात्री कामावर गेली आणि मुले शाळेस निघण्याच्या वेळी परतली. श्रमाची सवय होते. पहाटे दोन ते चारच्या दरम्यानच्या एकटेपणाची मात्र होत नाही.

याची आठवण आम्हास काही वर्षांपूर्वी सिंगापूरच्या मुक्कामात झाली. भाच्याच्या घरासमोर एक गोदाम होते. एके रात्री झोप येईना म्हणून खाली उतरलो, तो फाटकाशी एक वयस्क मलय पहारेकरी बसलेले. तेथील रीतीप्रमाणे सारे त्यांना ‘अंकल’ म्हणत. त्यांची पाळी बारा तासांची. समोरच्या नोंदवहीवर एक करडी मांजर निजली होती. नोंद करण्याची वेळ झाली की अंकल वही हळूच ओढून घेत आणि मांजर डोळे न उघडताच बाजूस सरके.

“आपली का?” आम्ही विचारले.

“नाही. फाटकाची.”

तिच्या डाव्या कानाचे टोक छाटलेले होते. नसबंदी करून पुन्हा आपल्या जागी सोडलेल्या मांजराची तेथे ती खूण समजतात. घरी का नेत नाही, असे विचारता अंकल नुसते हसले. सिंगापुरातील बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात, आणि त्या घरांत मांजर पाळण्यास १९८९ पासून मनाई होती. दिवसा जिला घरात जागा नाही, तीच रात्री कामावर सोबत करी.

अशा सोबतीचा शेवट कसा होतो, याची एक जुनी हकीकत याच बेटावरील आहे. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या ब्रिटिश युद्धनौकेवर ब्लॅकी नावाचे मांजर होते. ऑगस्ट १९४१ मध्ये चर्चिलसाहेबांनी त्याला थोपटले, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी १० डिसेंबरला मलायानजीक जपानी विमानांनी ती नौका बुडविली. ब्लॅकी वाचला व उरलेल्या खलाशांसमवेत सिंगापुरास पोहोचला. पुढे १९४२ साली शहर सोडण्याची वेळ आली, तेव्हा तो कोठेच सापडला नाही. माणसे निघून गेली.

१ सप्टेंबर २०२४ पासून सिंगापुरातील ती मनाई उठली. परवाना काढून मंडळाच्या घरात दोन मांजरे ठेवता येतात. पुढे अंकल निवृत्त झाल्याचे भाच्याने दूरध्वनीवर सांगितले. आता मांजर घरी नेली असेल, असे आम्हास वाटले. परंतु नाही. इतकी वर्षे मोकळी राहिलेली ती बंद खोलीत रमणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. शेवटच्या रात्री त्यांनी नव्या पहारेकऱ्याच्या हाती किल्ल्या, विजेरी व नोंदवही दिली, आणि मांजर काय खाते, पाऊस आला की कोठे दडते, तेही सविस्तर सांगितले. त्या तरुणाने तिचे नाव विचारले. ते अंकलनी कधी ठेवलेच नव्हते.

आमच्या वाचकांपैकी जे आजही रात्री कामावर जातात, त्यांच्या फाटकाशी असा कोणी सोबती असेल, तर पाळी सोडताना किल्ल्यांबरोबर त्यालाही कोणाच्या तरी हाती सोपवावे, एवढेच सांगणे.