बियाण्याची पावती आणि दुकानाचा परवाना

गावाकडे सासरची चार एकर जमीन असलेल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. दिरांनी तालुक्याच्या दुकानातून सोयाबीनचं बी आणलं, पाऊसही चांगला झाला, पण निम्मंसुद्धा उगवलं नाही. दुबार पेरणीचा खर्च शहरातल्या पगारातून गेला. ‘दुकानदार मात्र खुशाल गादीवर बसलाय. सरकार त्याचा परवाना का काढून घेत नाही?’ असं त्या विचारतात.

राग रास्त आहे. पण परवाना काढणं म्हणजे दुधाचा रतीब बंद करणं नव्हे, बरं का! बियाण्याच्या विक्रीला १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश लागू आहे. परवाना खोटी माहिती देऊन मिळवला असेल, किंवा आदेशाचा अथवा परवान्याच्या अटींचा भंग झाला असेल, तरच तो निलंबित किंवा रद्द होतो. त्याआधी दुकानदाराचं म्हणणं ऐकावंच लागतं, आणि नंतरही ६० दिवसांत त्याला अपील करता येतं. मला तरी हे योग्य वाटतं. आपल्याच भावाचं दुकान असतं तर? मात्र एकदा रद्द झाला की वर्षभर नवा परवाना मिळत नाही.

तेव्हा नुसतं ‘उगवलं नाही’ म्हणून भागत नाही. बी खोल पडलं, जमीन चिबडली, अशी कारणं निघतात. म्हणून उगवण दिसेना की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि रान मोडण्याआधी पंचनामा करून घ्यावा. या भगिनींच्या शेतातला पुरावा दुबार पेरणीत गेला. आता भिस्त पावतीवर. प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती देणं आणि साठा व भाव फलकावर लावणं दुकानदाराला त्याच आदेशाने बंधनकारक आहे. कोऱ्या चिठ्ठीवर आकडे खरडून देणारा नियमच मोडतो.

आणखी एक. परवाना गेला तरी दिरांचे पैसे त्यातून परत येत नाहीत. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. शेतकऱ्यालाही हा मार्ग मोकळा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं. शेतकरी सगळंच बी पेरतो, नमुना राखून ठेवत नाही, हेही न्यायालयाने मान्य केलं.

राहता राहिली पिशवी. चांगली जाड दिसते म्हणून आपण ती धुऊन डाळ-तांदूळ भरायला घेतो. तसं मुळीच करू नका, बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असतं. लॉट नंबराची चिठ्ठी तशीच ठेवून ती पिशवी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी खुंटीला टांगावी, आणि पावती घरातल्या कागदांत, रेशनकार्डाशेजारी ठेवावी. निदान पीक घरात येईपर्यंत.